कवळी वाटीत, पेरू टोपलीत
आजी अलीकडे जेवत का नाहीत, असं विचारलं की घरोघरी एकच उत्तर येतं, “वय झालं आता.” वय झालंच आहे, पण खरं कारण पुष्कळदा पाण्याच्या वाटीत बुडवून ठेवलेल्या कवळीत असतं. दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजत राहतं, त्यामुळे कधीकाळी चपखल बसणारी कवळी सैल पडते, हिरड्यांना घासते आणि मग फक्त लग्नकार्यात, फोटोपुरती तोंडात जाते. ताटातून आधी पेरू-काकडी जाते, मग शेंगदाणे, मग मटकीची उसळ. मटण तर केव्हाच सुटलेलं. उरतो गुरगुट्या भात आणि चहात बुडवलेली बिस्किटं. पोट भरतं, पण प्रथिनं आणि चोथा दोन्ही गायब. दंड उतरतात, पोट साफ होत नाही, आणि आपण टॉनिकची बाटली आणतो! मधुमेह असेल तर आणखी पंचाईत: साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या सुजल्या की साखर आटोक्यात येत नाही. मुळात दातच टिकावेत म्हणून जपानने १९८९ मध्ये ‘८०२०’ मोहीम काढली: ऐंशीव्या वर्षी स्वतःचे किमान २० दात. आपल्याकडे सैल कवळीला आतून नवा थर देऊन ती पुन्हा बसवता येते, हेही कित्येकांना ठाऊक नसतं. कवळी नीट होईपर्यंत दाण्याचं कूट, किसलेली काकडी, मुगाचं धिरडं, दुधात कुस्करलेली भाकरी चालेल. भात-भाजी-आमटी एकत्र मिक्सरमधून काढलेला लगदा मात्र नको. तो आपल्यालाही गिळवणार नाही.