शेवटच्या गाडीचे पदवीधर

गेल्या डिसेंबरातल्या एका सकाळी हिवरे बाजारात दोन बसगाड्या एकामागोमाग येऊन थांबल्या. पहिली पुण्याची, वातानुकूलित. तिच्यातून उतरली ती एका खासगी लिबरल आर्ट्स विद्यापीठाची मुले. दुसरी गाडी आमच्याच नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचे, पण जिभेला अजून सवय नाही) एका तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयाची. तिच्यात द्वितीय वर्ष कलाशाखेची पस्तीस-चाळीस मुले, त्यांत निम्म्याहून अधिक मुली. मी या दुसऱ्या गाडीतून आलो होतो. याच महाविद्यालयात तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवून मी निवृत्त झालो. अभ्याससहल निघाली की जुन्या सहकाऱ्यांना अजून माझी आठवण होते. म्हातारा सोबत घेतला की माहिती सांगायला वेगळा माणूस लागत नाही, हा त्यामागचा हिशेब मला ठाऊक आहे.

पुण्याची मुले दोन रात्रींच्या मुक्कामाला आली होती. आमची मुले अडीच तासांसाठी.

हिवरे बाजारची कहाणी वाचकांना नव्याने सांगायला नको. १९७२च्या दुष्काळानंतर खचलेले, दारू आणि भांडणांनी पोखरलेले, पोटासाठी मुंबई-पुण्याकडे रिकामे होत चाललेले हे गाव. १९८९ साली पोपटराव पवार या एम.कॉम. झालेल्या, क्रिकेटचे वेड असलेल्या तरुणाला गावाने बिनविरोध सरपंच केले. पुढे आदर्श गाव योजना आली, डोंगरांवर समतल चर खोदले गेले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी झाली, शेतीसाठी बोअर घ्यायला मनाई झाली. २०२०मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली. हे सारे कौतुकाचे आहेच. पण मला स्वतःला या गावातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती पाण्याच्या ताळेबंदाची. हा जेमतेम चारशे मिलिमीटर सरासरी पावसाचा मुलूख. पावसाळा सरला की किती पडला, किती मुरला, विहिरींची पातळी काय, माणसांना आणि जनावरांना किती लागणार, हे मांडले जाते आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीला कोणते पीक घ्यायचे ते ग्रामसभेत ठरते. ऊस आणि केळी यांना तिथे जागा नाही.

हा एक ताळेबंद नीट समजून घ्यायचा तर काय काय यावे लागते? खडक कोणता आणि पाणी कुठवर मुरते हे भूगोलात. पिकाचा भाव आणि पाण्याची किंमत अर्थशास्त्रात. माझ्या रानात मी बोअर का घ्यायचा नाही, हा प्रश्न राज्यशास्त्रात. आणि खोलवर गेलो तर तत्त्वज्ञानातही. हे एका ठिकाणी गोळा करून शिकवणे यालाच पाश्चात्य जगात लिबरल आर्ट्स म्हणतात. आपल्याकडे ‘आर्ट्स’ म्हटले की कमी मार्कांची मुले, हे समीकरण इतके पक्के आहे की पुण्यात किंवा सोनिपतला त्याच शब्दासाठी पालक वर्षाला काही लाख रुपये मोजतात, हे तालुक्यातल्या पालकाला सांगितले तर तो आपल्यालाच हसेल.

तर, आमच्या मुलांना गावातला एक कार्यकर्ता माहिती देत होता. मुले ऐकत होती, काही मोबाइलवर छायाचित्रे काढत होती. तेवढ्यात मागे उभी असलेली एक मुलगी म्हणाली, “सर, पाणी येतं ते जमीनवाल्याच्या विहिरीत. ज्याला जमीनच नाही, त्याच्या नावावर या हिशेबात काय लिहितात?”

कार्यकर्ता प्रामाणिक होता. त्याने सांगितले की मजुरीचे दिवस वाढले, बाहेर गेलेली कुटुंबे परत आली, डोंगरावरचे गवत कापून नेता येते, त्यावर दूधदुभते उभे राहिले. सगळे खरे. पण मुलगी हटली नाही. “ते कामाचं झालं,” ती म्हणाली. “मी पाण्याचं विचारतेय.”

आणि ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. “सर, आटपा. दोनच्या आत स्टँडवर पोहोचलो नाही तर पोरींच्या गाड्या जातील.” ड्रायव्हरचे काही चुकले नव्हते. निम्म्या मुलींना तालुक्याहून पुढे आपापल्या गावची एसटी धरायची होती. ती चुकली तर पुढची थेट संध्याकाळी, आणि संध्याकाळच्या गाडीने मुलगी घरी आली तर दुसऱ्या दिवशी घरात कॉलेजचा विषय निघतो. आम्ही गाडीत बसलो. पुण्याची मुले तेव्हा कुठे चहा घेऊन, वही काढून बसत होती.

परतीच्या वाटेवर गाडीत गाणी लागली. मुलीच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर होते. निदान अर्धे. याच १९७२च्या दुष्काळानंतर शेजारच्या पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. त्याचे सूत्र असे की पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही, तो माणसाला आहे. माणशी अर्धा एकराचे पाणी, कुटुंबाला फार तर अडीच एकराचे, मग जमीन कितीही असो. आणि भूमिहीनालाही वाटा. ऊस तिथेही नाही. म्हणजे एकाच दुष्काळातून, शे-दीडशे किलोमीटरच्या आत, दोन वेगळी उत्तरे निघाली. हिवरे बाजारने पाणी वापरण्यावर गावाचा अंकुश ठेवला, पण विहीर ज्याची त्याचीच राहिली. नायगावने मालकीलाच हात घातला. पहिले गावभर टिकले आणि वाढले. दुसरे न्यायाच्या दृष्टीने पुढचे, पण पसरायला फार जड गेले. का? याच्यावर एक सत्र घालवता आले असते. मला गाण्याच्या आवाजावरून ओरडून ते सांगणे जमले नाही. मुलगी स्टँडवर उतरून गेली.

लहान महाविद्यालय म्हणजे काय, याचा विचार मी तेव्हापासून करतो आहे. ही कल्पना नगरला परकी नाही. १८१३ साली मुंबईत उतरलेला गॉर्डन हॉल हा अमेरिकन मिशनरी विल्यम्स कॉलेजचा पदवीधर होता, आणि विल्यम्स हे अमेरिकेतल्या त्याच छोट्या, निवासी, सर्व विषय शिकवणाऱ्या महाविद्यालयांपैकी एक. त्याच मिशनचे काम १८३१ साली नगरला सुरू झाले. धर्मप्रसाराचा भाग बाजूला ठेवू. शाळा तर उभ्या राहिल्या. पुढे १९४७मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर महाविद्यालय काढले. मुंबई-पुण्याला जाऊन शिकणे ज्यांना परवडत नव्हते अशा दुष्काळी तालुक्यांतल्या मुलांना त्यामुळे जिल्ह्यातच कॉलेजचे दार उघडले. आणि योगायोग पाहा, त्याच १९४७ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले, ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. अमेरिकेत केंटकी राज्यातले बेरिया कॉलेज १८९२पासून शिक्षणशुल्क घेत नाही आणि प्रत्येक विद्यार्थ्याला काम करायला लावते, त्याचे जगभर गोडवे गायले जातात. आमच्या बहुजनांच्या पोरांनी खडी फोडून, शेणखत वाहून पदव्या घेतल्या, ते आम्ही फक्त जयंतीला आठवतो.

मी स्वतः नगरला वसतिगृहात राहून शिकलो, सत्तरच्या दशकाच्या शेवटी. वर्गात काय शिकलो ते विचाराल तर फारसे आठवत नाही. केन्स मी नापास होण्याच्या भीतीने पाठ केला होता आणि परीक्षेनंतर विसरलो. समजला तो नंतर शिकवायला लागल्यावर. आठवते ते मेसचे खाते. दर महिन्याला एका विद्यार्थ्याकडे मेसची सेक्रेटरीशिप यायची. डाळीचा भाव, आचाऱ्याचा पगार, पाहुण्यांच्या थाळ्या, बुडवणाऱ्यांची यादी. महिनाअखेरीला सगळ्यांसमोर हिशेब वाचायचा आणि शिव्या खायच्या. माझ्या महिन्यात ताटामागे खर्च वाढला म्हणून मला तासभर उभे करून झाडले होते. झाडणाऱ्यांत एक जण पुढे जिल्हा परिषदेत निवडून आला. सार्वजनिक पैशाचे उत्तर द्यावे लागते हे मी त्या रात्री शिकलो. रात्री दहानंतर गॅलरीत जी भांडणे व्हायची, जातीवरून, आणीबाणीवरून, सुनील गावसकरवरून, त्यांत आपले मत मागे घेण्याची लाज हळूहळू गेली. हे सगळे रिकाम्या वेळेत झाले. तो वेळ आम्हाला मिळाला, कारण आम्हाला कुठली गाडी धरायची नव्हती.

मी पुढे ज्या महाविद्यालयात नोकरी केली तिथे हे नव्हते आणि आजही नाही. तासिका सकाळी साडेसातला सुरू, साडेबाराला आवार ओस. ग्रंथालय पाचपर्यंत उघडे, वाचक चार. पटावर ऐंशी आणि बाकांवर पंधरा. गैरहजर मुले बिघडलेली असतात असे समजू नका. कोणी कांदा काढायला गेलेला असतो, कोणी नगरच्या एमआयडीसीत बारा तासांची पाळी करतो, कोणी अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन बसलेला असतो. पदवी ही त्या परीक्षेला बसण्याची पावती आहे, ती मिळेपर्यंत नाव घातलेले असले म्हणजे झाले. मी अनेक वर्षे त्यांच्या नावापुढे ‘उपस्थित’ लिहिले. इतरांनीही लिहिले. पद वाचवायचे असेल तर पट वाचवावा लागतो, हे खोलीत कोणी बोलत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होते.

आता राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० आले आहे. राज्यात २०२४-२५पासून संलग्न महाविद्यालयांतही त्याची घडी बसवणे सुरू झाले. मुख्य विषय, गौण विषय, कौशल्य, क्षेत्रकार्य, चार वर्षांची ऑनर्स पदवी. कागदावर पाहिले तर आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयाला लिबरल आर्ट्स कॉलेज करून टाकले आहे. हेतूशी माझे भांडण नाही; कलाशाखेच्या मुलाने पाण्याचा ताळेबंद करावा, विज्ञानाच्या मुलीने इतिहास वाचावा, हे मी जन्मभर म्हणत आलो. माझे म्हणणे एवढेच की विषयांची सरमिसळ केली म्हणजे ते शिक्षण होत नाही. विल्यम्स काय किंवा साताऱ्याचे शिवाजी कॉलेज काय, तिथे मूल राहत होते. जेवत होते, भांडत होते, मास्तराच्या घरी जाऊन बसत होते. त्या राहण्याला पैसा लागतो. नवी व्यवस्था श्रेयांकांचे तास मोजते, पण मुलीच्या गावाला शेवटची गाडी किती वाजता आहे हे तिच्या कोणत्याच रकान्यात नाही. चौथे वर्ष वाढवले, तर तिच्या घरचे तेवढाच जास्त काळ स्टँडकडे डोळे लावून बसतील.

कोणी म्हणेल, पैसेवाल्यांच्या मुलांना हेवा करून काय होणार? हेवा नाही. पुण्याची ती मुले चांगली होती, चौकस होती. त्यातल्या एकाने मला सिंचनावर दोन असे प्रश्न विचारले की मी अडलो. दोन रात्री राहून ती ग्रामस्थांच्या घरी जेवली असतील, एखाद्या म्हातारीने त्यांना खरे-खोटे दोन्ही सांगितले असेल. माझी तक्रार ही की ज्या मुलीच्या घरी पाण्याचा टँकर येतो, तिच्या प्रश्नाला अडीच तास; आणि ज्यांना तो प्रश्न अहवालासाठी हवा आहे, त्यांना अडीच दिवस.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९पासून आहे. तिचे सात दिवसांचे निवासी शिबिर हा आमच्या मुलामुलींना मिळणारा एकमेव मुक्काम. पंचवीस वर्षे मी ती शिबिरे पाहिली. पहिले तीन दिवस मुले खड्डे खणतात आणि लाजतात. चौथ्या रात्री कुणीतरी भाकरीवरून भांडते, आणि तिथून पुढे बोलायला लागतात. सातव्या दिवशी गाडी येते. हे सात दिवस एकवीस करा. तालुक्याच्या प्रत्येक महाविद्यालयाला तीस मुलींचे साधे वसतिगृह द्या, संगमरवराचे प्रवेशद्वार नंतर बांधा. तेही जमत नसेल तर आगारप्रमुखाला सांगून सहाची एक गाडी वाढवा. २०२३पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे झाले, ही मोठी गोष्ट झाली. पण निम्म्या भाड्यात बसायला गाडी तर हवी.

जानेवारीत त्या मुलीचा मला फोनवर निरोप आला. नंबर तिने माझ्या जुन्या सहकाऱ्याकडून मिळवला होता. “सर, त्या दिवशीचं उत्तर राहिलं.” मी तिला नायगावबद्दल लिहून पाठवले, बरेच लांब. तिने दोन दिवसांनी विचारले, नायगावात मग भूमिहीनाने त्या पाण्याचे केले काय, कुणाच्या रानात वापरले? हे मला नीट सांगता आले नाही. मी लिहिले, अगं, नायगावचे मी शोधतो. तू आधी हिवरे बाजारचे बघ. २६ जानेवारीला गावोगाव ग्रामसभा असते, तिथेही असेल. पाहुणी म्हणून मागे बसायला कोणी नाही म्हणणार नाही. ऐक, आणि संधी मिळाली तर विचार.

तिचे उत्तर लगेच आले. त्या दिवशी कॉलेजात झेंडावंदनाला हजेरी सक्तीची आहे. शिवाय सुट्टीच्या दिवशी तिच्या गावातून सकाळची गाडी सुटते की नाही, हे तिला स्टँडवर विचारून यावे लागेल.