कामाचे तास : मंदीची पहिली खूण

आपला धंदा बसत चालला हे दुकानदाराला गल्ल्यावरून कळते. देशाचा धंदा बसत चालला हे कशावरून कळावे? बहुतेक लोक बेकारीचा आकडा पाहतात. पण तो उशिरा बोलतो. त्याआधी बोलतात ते कामाचे तास.

कारण साधे आहे. हाताखाली तयार झालेला माणूस कोणताही मालक पटकन काढत नाही. गिऱ्हाईक घटले की आधी जादा काम बंद होते, मग सहा दिवसांचे पाच दिवस होतात आणि शेवटी माणूस घरी बसतो. तेजीतही आधी तास वाढतात, मग नवा माणूस येतो.

अमेरिकेचे सरकार सरासरी साप्ताहिक तास दर महिन्याला जाहीर करते. कारखान्यांतील तासांना तेथे पुढची चाहूल देणाऱ्या निर्देशांकात स्थान आहे. पण तेथील बहुतेक नोकऱ्या दुकाने, हॉटेले, दवाखाने अशा सेवा व्यवसायांत आहेत. तेव्हा त्यांचे तासही पाहिलेच पाहिजेत. जून 2009 मध्ये, मंदीच्या अखेरीस, खाजगी क्षेत्रातील सामान्य कामगारांचा सरासरी आठवडा 33 तासांवर आल्याचे जाहीर झाले. 1964 पासूनचा तो नीचांक होता. नोकरी टिकलेल्यांचीही कमाई घटली, पण बेकारीच्या आकड्यात ती दिसली नाही.

मात्र सरासरी फसवतेही. एप्रिल 2020 मध्ये तेथे महिन्याभरात सुमारे 2 कोटी नोकऱ्या गेल्या, तरी सरासरी तास किंचित वाढले! हॉटेलांतील कमी तासांची माणसे मोठ्या संख्येने गेली, जास्त तासांची उरली.

आपल्याकडे हा आकडा आणखी जपून वाचावा लागतो. भारतात निम्म्याहून अधिक लोक स्वतःच्या धंद्यावर जगतात. पगारी माणसाचे तास मंदीत घटतात; दुकानदाराचे वाढतात. एखादे गिऱ्हाईक तरी येईल म्हणून तो रात्री अकरापर्यंत शटर उघडे ठेवतो. अशा जादा तासांना तेजी कोण म्हणेल?

म्हणून व्यापारी आणि कारागीर बंधूंनी विक्रीबरोबर तासही वहीत लिहावेत. आठवड्याच्या कमाईला तासांनी भागावे. खरी मजुरी समजेल. शिंप्याने रमजानच्या तासांची तुलना गेल्या रमजानशी करावी, मार्चची मार्चशी नव्हे. कारण रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो.

आणि तास घटू लागले तर मालकाने ते कारागिराला आधीच सांगावे. एकाला काढण्यापेक्षा उरलेले काम सर्वांत वाटून घेता येते. पण त्यासाठी खूण वेळेवर ओळखली पाहिजे. गल्ला रिकामा झाल्यावर वही उघडून काय उपयोग?