शेवटचा दगड

खेळाडूची कारकीर्द कशावरून मोजावी? आपण ती पदकांवरून मोजतो. स्कॉटलंडच्या इव्ह म्युरहेडची कारकीर्द पाहिल्यावर मला हे माप अपुरे वाटू लागले.

तिचा खेळ कर्लिंग. आपल्यापैकी फारच थोड्यांनी तो पाहिला असेल. बर्फाच्या लांब पट्टीवरून सुमारे वीस किलोचा ग्रॅनाइटचा दगड घसरत सोडायचा आणि पलीकडच्या वर्तुळांच्या केंद्राजवळ नेऊन थांबवायचा. दगडापुढे दोन खेळाडू ब्रशने बर्फ घासत जातात. त्यामुळे घर्षण कमी होऊन दगड अधिक लांब जातो. एका डावात प्रत्येक संघाला आठ दगड आणि सामन्यात असे दहा डाव. शेवटचे दगड बहुधा कर्णधार टाकतो. म्हणून जय झाला तर तो चौघींचा. पण चूक झाली तर सर्वांची नजर एकटीवरच खिळते.

इव्हच्या नावावर चार जागतिक कुमार विजेतेपदे आहेत. 2010 साली व्हँकुव्हरच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी तिने ब्रिटनचे नेतृत्व केले. संघ सातवा आला. 2013 मध्ये रिगा येथे तिच्या स्कॉटिश संघाने जागतिक अजिंक्यपद मिळवले आणि 2014 मध्ये सोचीला ब्रिटनला ब्राँझपदक मिळाले. इथवर सारे चढणीचेच होते.

मग 2018 साल उजाडले. प्याँगचांगला ब्राँझपदकाच्या सामन्यात जपान एका गुणाने पुढे होता आणि अखेरचा दगड इव्हच्या हाती होता. फटका चुकला, ब्रिटन 3–5 असा हरला. त्याच वर्षी तिच्या कमरेच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली. पुढे 2021 च्या जागतिक स्पर्धेत पहिल्या सहांत येता न आल्याने ऑलिंपिकचा थेट प्रवेशही हुकला. जुना संघ मोडून मोठ्या गटातून नवा संघ निवडण्यात आला. जागतिक विजेतीने पुन्हा निवडीला सामोरे जायचे, यात केवढी मानहानी वाटली असेल! तरी ती थांबली नाही. डिसेंबर 2021 मध्ये नेदरलँड्समधील लेवार्डेन येथे पात्रता फेरी खेळून या संघाने बीजिंगचे दार उघडले.

बीजिंगला साखळीतील नऊपैकी पाचच सामने जिंकून संघ जेमतेम उपांत्य फेरीत पोचला. तेथे पहिल्याच डावात स्वीडनने चार गुण घेतले. तरीही ब्रिटनने तो सामना जादा डावात 12–11 असा जिंकला. 20 फेब्रुवारी 2022 रोजी अंतिम सामना होता तो जपानशीच, सात्सुकी फुजिसावाच्या त्याच संघाशी. ब्रिटन 10–3 ने विजयी झाला. त्या हिवाळी स्पर्धेतले ब्रिटनचे ते एकमेव सुवर्ण. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, बत्तिसाव्या वर्षी, इव्हने निवृत्ती पत्करली.

कोणी म्हणेल, ‘सुवर्ण मिळाले म्हणून ही कथा सांगता, न मिळते तर?’ आक्षेप रास्त आहे. हरलेल्यांच्या कथा कुणी सांगत नाही, हे खरेच. पण लेवार्डेनला उतरताना इव्हला बीजिंगचा निकाल ठाऊक नव्हता. हातात होती ती फक्त मागची चूक, दुखून गेलेली कंबर आणि नव्याने जुळवलेल्या सहकारी. त्यांपैकी व्हिकी राइट ही व्यवसायाने परिचारिका. कोविडच्या काळात ती पुन्हा रुग्णांच्या वॉर्डात कामाला उभी राहिली होती. या साऱ्या जणींचे मोठेपण सुवर्णाआधीच सिद्ध झाले होते. सुवर्णाने ते जगाला दिसले, इतकेच.

मित्रहो, आपणही वर्षाअखेरीस एका गुणपत्रिकेवरून एकमेकांना तोलतो. भित्तिफलकावर लागतात ती पहिल्या आलेल्यांचीच नावे. तशी ती जरूर लागावीत. पण गेल्या वर्षी नापास होऊन यंदा पुन्हा पहिल्या बाकावर येऊन बसलेला जो कोणी असेल, त्याच्याकडेही आपण एकदा आदराने पाहावे. त्याचा शेवटचा दगड अजून टाकायचा आहे.