अंगावर पाजणं शिकवावंच लागतं

‘बाळाला अंगावर पाजणं ही काय कॉलेजात शिकवायची गोष्ट आहे? आमच्या आज्यांनी आठ-आठ पोरं वाढवली, त्यांना कुठला प्राध्यापक शिकवायला आला होता?’ हा सवाल पुण्याजवळच्या चऱ्होलीत वाघेश्वराच्या देवळापाशी ऐकू येतो, तसाच वडमुखवाडीच्या नव्या टॉवरमध्येही. ऐकणाऱ्याला तो बिनतोड वाटतो. मला तो साफ चुकीचा वाटतो.

आज्यांना शिकवणारी माणसं होती. सुईण होती, थोरली जाऊ होती, शेजारची चार लेकरांची आई होती. घरात कायम कुणीतरी बाळंतीण असायची आणि मुली ते बघतच मोठ्या व्हायच्या. शिवाय त्या आठांपैकी जगली किती, हे सवाल विचारणारा सांगत नाही. चीक पिळून टाकायचा, मधाचं बोट चाटवायचं, घुटी उगाळायची, हेही त्याच शाळेत शिकवलं जाई. आता ती शाळाही मोडली. लातूर-नांदेडकडून चाकणच्या कंपनीसाठी आलेलं जोडपं चऱ्होलीत भाड्याच्या एका खोलीत राहतं. बाळंतीण माहेराहून परतली की दिवसभर ती आणि बाळ, तिसरं कुणी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, पण जन्मल्यावर तासाभरात आईचं दूध मिळालेली बाळं ४१.८ टक्केच. बाई दवाखान्यापर्यंत पोचली. पाजायला शिकवणारं माणूस तिच्या खाटेपर्यंत पोचलं नाही.

म्हणून प्राध्यापकाचं काम इथे लागतं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस नवजात शिशुशास्त्र शिकवत होत्या. कमी वजनाची बाळं जंतुसंसर्गाने दगावत होती. त्यांनी वॉर्डातलं वरचं दूध बंद करून आईच्या दुधावर भर दिला, आणि २७ नोव्हेंबर १९८९ रोजी त्याच रुग्णालयात आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. ज्या बाळाची आई आजारी आहे, त्याला दुसऱ्या आईचं निर्जंतुक केलेलं दूध मिळू लागलं. पालिकेच्या गर्दीच्या रुग्णालयात, गरिबांच्या लेकरांसाठी झालेलं हे काम मला कुठल्याही मोठ्या शोधाइतकं थोर वाटतं.

आयआयटी मुंबईत बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांनी तर बाळ स्तनाला कसं धरतं, याच प्रश्नाला हात घातला आणि त्याचे धडे भारतीय भाषांत आणले. यात शिकण्यासारखं काय, असं म्हणणाऱ्याने एकदा नीट पाहावं. बाळाचं पोट आईच्या अंगाला टेकलेलं हवं, नाक बोंडासमोर हवं. ते जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबायचं आणि मगच जवळ ओढायचं. हनुवटी स्तनात रुतली पाहिजे, खालचा ओठ बाहेर वळला पाहिजे, बोंडाभोवतीचा काळसर भागही तोंडात गेला पाहिजे. नुसतं बोंड तोंडात गेलं तर आईला भेगा पडतात, ती कळवळते, आणि तासभर चोखूनही बाळ उपाशी राहतं. मग घरात निकाल लागतो, ‘हिला दूधच येत नाही.’ वजन वाढत नाही, पावडरच्या दुधाचा डबा येतो, बाळ अंगावर कमी पितं आणि त्यामुळे दूध खरोखरच कमी होतं. दोष पकडीचा, शिक्का आईवर.

याउलट एक आक्षेप येतो, आणि तो मी हलक्याने घेत नाही. आईच्या दुधाचा एवढा डंका वाजवला की डबा पाजणारी आई स्वतःला गुन्हेगार समजू लागते, असं काहीजणी कळकळीने सांगतात. त्यांचं दुःख खरं आहे. पाजणं न जमलेल्या बाईला टोचून बोलणारा डॉक्टर असो की सासू, मी त्यांच्या बाजूचा नाही. पण त्यासाठी शास्त्र गुंडाळून ठेवायचं कारण काय? तिला वेळेवर हात धरून कुणी दाखवलं नाही, यात तिचा गुन्हा नाही, हे शास्त्रच सांगतं. १९९२ च्या कायद्याने बाळाच्या डब्याच्या जाहिराती आणि फुकट नमुने बंद केले. तो बडगा कंपन्यांवर आहे, आईवर नाही.

तिसरा वार नोकरी करणाऱ्यांवर: ‘यांना पगार प्यारा.’ चाकणची पहिली पाळी धरणारी बाई पहाटे अंधारात घर सोडते. कायद्याने तिला २६ आठवड्यांची रजा आहे, मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या आहेत, पन्नास कामगार असतील तिथे पाळणाघर आहे. पण ठेकेदारांच्या वेगवेगळ्या हजेरीपटांवर कामगार वाटले गेले तर पन्नासाचा आकडा कागदावर भरतच नाही. आणि आई चाकणला, बाळ चऱ्होलीत, तर त्या दोन सुट्ट्यांचं तिने करायचं काय? पान्हा दाटतो, ब्लाउज भिजतो, ती संडासात जाऊन दूध पिळून टाकते. ज्याला ते हवं होतं ते लेकरू त्याच वेळी बाटली तोंडात धरून असतं.

डॉ. आंबेडकरांनी जुलै १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू घेतली आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. मातृत्वाचा भार एकट्या बाईने वाहायचा नाही, हे आपल्या प्रांताने तेव्हाच मान्य केलं होतं.

तेव्हा नेमकं काय हवं, ते सांगतो. दूध साधारण तिसऱ्या दिवशी भरून उतरतं, आणि घरचा धीर सुटतो तोही त्याच सुमारास. सरकारी कार्यक्रमात आशाताईची घरभेटही तिसऱ्या दिवशी ठरलेली आहे. त्या भेटीत बाळाचं वजन वहीत टिपून निघून न जाता तिने एक पाजणं पूर्ण बघावं, पकड दुरुस्त करावी, आणि त्यासाठी तिला नीट प्रशिक्षण व मोबदला मिळावा. बांधकामाच्या लेबर कॅम्पातली खोलीही तिच्या यादीत असावी. चाकणच्या पुढच्या वेतनकरारात बस आणि कँटीनच्या जोडीने कडी लागणारी एक स्वच्छ खोली, काढलेलं दूध ठेवायला फ्रीज आणि ठेकेदारीतल्या बायांनाही खुलं असलेलं पाळणाघर, ही मागणी लिहिलेली असावी. व्यवस्थापनासमोर ती मांडायला युनियनमधल्या बापांनी उभं राहावं.