हळकुंड कोणाच्या बाजूचं?

कुरुंद्याच्या शिवारातली हळद शिजून, वाळून वसमतच्या मोंढ्यात आली की खरेदीदार ढिगातलं एक हळकुंड उचलतो, कटकन मोडतो, गाभ्याचा रंग पाहतो आणि भाव बोलतो. त्या भावात मॉस्को आणि वॉशिंग्टनही असतात, हे २०२५ च्या ऑगस्टने दाखवलं. भारत रशियाचं तेल घेतो म्हणून अमेरिकेने जादा २५ टक्के शुल्क लावलं. आधीचे धरून ५०. तेल घेतलं रिफायनऱ्यांनी, भुर्दंड मसाल्यालाही. नोव्हेंबरमध्ये चहा, कॉफी आणि काही मसाल्यांना सूट मिळाली, पण तोवर सौदे लांबले ते लांबलेच.

अशा वेळी एक सल्ला हमखास ऐकू येतो: एकदाचं कोणा एकाच्या पंगतीला बसा, कटकट मिटेल. आपला धंदा मात्र वेगळं सांगतो. बांगलादेश, अमिराती, अमेरिका, मलेशिया हे सगळेच आपले मोठे गिऱ्हाईक. एकाच खरेदीदारावर विसंबलेल्या आडत्याचं काय होतं, ते वाचकांना सांगायला नको. देशानेही तोच हिशेब धरला आहे: ब्रिक्समध्ये रशिया-चीनशेजारी खुर्ची, क्वाडमध्ये अमेरिका-जपानशेजारी.

पण नुसत्या खुर्चीने पोत्याला दर येत नाही. दर येतो नियम लिहिले जातात तिथे. अन्न-मानकं ठरवणारा कोडेक्स आयोग १९६३ चा. त्याची मसाल्यांची समिती २०१३ मध्ये स्थापन झाली. यजमान भारत, कामकाज कोचीच्या स्पायसेस बोर्डाकडे. तिथे आयातशुल्काचा धाक चालत नाही. शक्यतो सर्वसहमती, मतदान झालंच तर एका देशाला एक मत. जागतिक व्यापार संघटना हीच मानकं प्रमाण धरते. त्याहून कडक अट घालायची तर त्या देशाला शास्त्रीय कारण द्यावं लागतं. २०२४ च्या सुरुवातीला कोचीतल्या सातव्या बैठकीत हळदीचं मानक निश्चित झालं. समिती स्थापन झाल्यापासून अकरावं वर्ष. ‘पी हळद अन् हो गोरी’ इथे चालत नाही.

आता आपली बाजू. ज्या नियमाच्या आधारे आपण दुसऱ्याला अडवतो, तोच आपल्यालाही लागू. २०२४ मध्येच वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. नाव मोठं झालं, तशी नाव जाण्याची भीतीही. पॉलिशच्या ड्रममध्ये कोणी चकाकीसाठी शिशाचा रंग टाकला आणि बंदरावर एक नमुना नापास झाला, तर त्याची झळ साऱ्या मोंढ्याला बसते.

म्हणून या हंगामात प्रत्येक लॉटची वही ठेवा: कोणती फवारणी, कधी शिजवली, ताडपत्रीवर वाळवली की मातीत, पॉलिश कोणाकडे केलं. ती वही चोख असेल, तर कोचीत आपल्या वतीने बोलणारा माणूस अडखळणार नाही.