विश्लेषण : माळ्यावर जुने पिस्तूल सापडले, तर पुढे काय?

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत पुनर्विकासासाठी जुनी घरे रिकामी होत आहेत. अशा वेळी माळ्यावरच्या ट्रंकेतून पणजोबांचे पिस्तूल निघाले, तर घरात दोन मते पडतात. कुणी म्हणते, ‘गुपचूप खाडीत टाका’, कुणी म्हणते, ‘लाखोंची वस्तू आहे, विका’. दोन्ही सल्ले महागात पडू शकतात.

जुन्या शस्त्राला परवाना लागतो का?
केवळ वय पुरेसे नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये कालबाह्य बनावटीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सवलत आहे. पण ते दुरुस्त करूनही चालू शकणार नाही, ही अट आहे. फेब्रुवारी २०२० च्या दुरुस्तीनुसार ‘क्युरिओ’ प्रकारातील लहान शस्त्रे बाळगण्यास परवाना लागत नाही, मात्र ती नेण्या-आणण्यास व वापरण्यास लागतो. आपले शस्त्र कोणत्या प्रकारात बसते, हे घरच्यांनी ठरवायचे नाही. म्हणून पिस्तूल पिशवीत घालून कुठेही नेऊ नये. पोलीस ठाण्याला कळवून त्यांनाच बोलवावे. चाप ओढून पाहू नये. ठासणीच्या पिस्तुलात जुना बार शिल्लक असू शकतो.

ओळख कशी पटते?
घोड्याच्या तोंडात गारगोटी धरण्याची सोय असेल, तर पिस्तूल चकमकीचे. टोपी बसवण्याची नळी असेल, तर ते त्यानंतरचे, बहुधा एकोणिसाव्या शतकातले. ईस्ट इंडिया कंपनीच्या शस्त्रांवर हृदयाच्या आकाराचा शिक्का, पुढे सिंह आढळतो. मात्र अशा शिक्क्यांच्या नकलाही भरपूर आहेत. घासूनपुसून चकाकी आणली, तर हेच पुरावे पुसले जातात.

क्रमांकाचे मोल काय?
१७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरमध्ये सॉण्डर्सवर गोळ्या झाडणाऱ्यांत राजगुरूंसोबत भगतसिंग होते. भगतसिंग यांचे .३२ कोल्ट पिस्तूल सीमा सुरक्षा दलाच्या इंदूरमधील संग्रहालयात इतर शस्त्रांसारखेच ठेवलेले होते. रंग खरवडल्यावर १६८८९६ हा क्रमांक दिसला, तो खटल्यातील नोंदीशी जुळला आणि पिस्तुलाला इतिहास मिळाला.

किंमत कशी ठरते?
कारागीर, मूळ भाग शाबूत असणे, दुर्मीळता आणि मालकीची कागदपत्रे यांवर. ‘बिली द किड’ला ज्या कोल्टने मारले गेले, ते २०२१ मध्ये सुमारे ६० लाख डॉलरला विकले गेले. बनावट तीच, फरक कागदाचा. त्यामुळे जुना परवाना, पत्रे, फोटो जपावेत.

परदेशात विकता येते का?
शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू १९७२ च्या कायद्यानुसार खासगी व्यक्तीला निर्यात करता येत नाही. फ्रान्सनेही २०२४ मध्ये नेपोलियनची दोन पिस्तुले राष्ट्रीय ठेवा ठरवून देशाबाहेर जाण्यापासून रोखली.

कायद्याची भीती रास्त आहे. पण प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला आरोपीसारखे वागवले, तर पुढचा माणूस खाडीच गाठेल. पोलिसांनीही अशी वस्तू मुद्देमालाच्या खोलीत गंजू न देता तज्ज्ञांना दाखवावी. एक क्रमांक पुसला गेला, की एक इतिहास जातो.