दोघांची कोकणसफर : मोटारसायकलवरून, पण बेताने



दिवाळीचा फराळ संपतो, पाहुणे आपापल्या गावी जातात आणि घरात हळूच विषय निघतो, "या वेळी गाडीवरूनच कोकणात जाऊ या का? दोघंच!" गाडी म्हणजे मोटारसायकल. ऐकून आधी बरं वाटतं. दोघांनीच कुठे जाण्याचा योग संसारात येतो कितीसा? पण पाठोपाठ शंका सुरू होतात. कंबर धरेल का? रस्ते कसे असतील? वाटेत बाईमाणसाची सोय काय? आणि सासूबाई काय म्हणतील? शेवटी "बघू पुढच्या वर्षी" असं म्हणून विषय मिटतो.

तो असा मिटू नये म्हणून आजचे हे पान. गाडी कोण चालवणार, हे तुमचे तुम्ही ठरवा. आजकाल अनेक जणी स्वतःच चालवतात, आळीपाळीने चालवली तर फारच छान. पण मागे बसलात तरी तुम्ही सामान नव्हे. बेत आखताना तुमचा शब्द हवा आणि वाटेत तुम्ही "थांबा" म्हटलंत की गाडी थांबायला हवी. हा करार घरीच करून घ्या. दमलेली, भ्यालेली बाई मागे घेऊन चालवणाऱ्याचंही लक्ष रस्त्यावर राहत नाही, हे अहोंना समजावून सांगितलंत की ते पटेल.

किती दिवस, किती किलोमीटर?

बहुतेक बेत बिघडतात ते इथेच. नकाशावर बोट ठेवून "दीडशे किलोमीटर, तीन तास" असा हिशेब होतो. कोकणातल्या किनाऱ्याच्या रस्त्याला तो लागू पडत नाही. चढ, उतार, वळण, मध्येच गुरं, मध्येच खाडी. तासाला पंचवीस-तीस किलोमीटर धरा. घाट उतरण्याचा दिवस सोडला तर दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर पुष्कळ झाले. दर तासाने उतरून पाय मोकळे करायचे आणि काहीही झालं तरी अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचायचं. किनाऱ्यावरच्या अनेक रस्त्यांना दिवे नाहीत, आणि वळणावरची खडी किंवा बसलेली गाय उजेडातच दिसते.

पुण्याहून निघणाऱ्यांसाठी सहा दिवसांचा एक बेत देते. इतर गावच्या मैत्रिणींनी पहिला आणि शेवटचा दिवस आपल्या सोयीने बदलावा.

पहिला दिवस : पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा, दिवेआगर. सुमारे १६० किलोमीटर. हा सगळ्यांत लांबचा पल्ला, म्हणून भल्या पहाटे नको, पण उजाडताच निघा.

दुसरा दिवस : दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धन आणि तिथून हरिहरेश्वर. दिवेआगर-श्रीवर्धन हा वीस-बावीस किलोमीटरचा रस्ता समुद्राला चिकटून जातो. हा घाईने उरकू नका. अख्खी सहल यासाठीच असते म्हणा ना!

तिसरा दिवस : बागमांडल्याला गाडी जंगलजेटीवर, म्हणजे वाहनं नेणाऱ्या बोटीवर, चढवायची आणि सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरायचं. पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै करत दापोलीच्या मुरुडला किंवा कर्द्याला मुक्काम. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीचं दर्शन घ्या. हर्णैच्या बंदरावरचा मासळीचा लिलाव पाहण्यासारखा असतो. मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव, हे आपण बायकांनी तरी विसरू नये.

चौथा दिवस : दापोलीवरून दाभोळ. तिथे पुन्हा जंगलजेटी, वासिष्ठीची खाडी, पलीकडे धोपावे आणि मग गुहागर.

पाचवा दिवस : गुहागरलाच मुक्काम. गाडीला आणि कंबरेला विश्रांती. वाटलंच तर सकाळी हेदवीच्या दशभुज गणपतीला जाऊन यावं.

सहावा दिवस : चिपळूण, कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटणवरून कऱ्हाड. तिथून पुणे मोठ्या रस्त्याने. अंग दुखत असेल तर कऱ्हाडला रात्र काढा आणि सातव्या दिवशी घरी या. त्यात कमीपणा नाही.

हंगाम म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नाताळ ते नवं वर्ष हे दिवस मात्र टाळा. जेट्टीवर रांगा, खोल्यांना दुप्पट भाव. पावसाळ्यात घाटात दरडी पडतात आणि हवा बिघडली की बोटीही बंद राहतात.

विचारायचं कुणाला आणि कसं?

फोनमधला नकाशा आता सगळ्यांकडेच असतो. पण काल रस्ता खणला, आज साकव खचला, बोट दुरुस्तीला गेली, हे तिथल्या माणसालाच ठाऊक. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी मुक्कामाच्या घरी फोन करायचाच. फोनवर घरातल्या काकू आल्या तर उत्तम, त्या बारीकसारीक सगळं सांगतात.

प्रश्न मात्र नीट विचारावा. "रस्ता चांगला आहे का?" असं विचारलंत की "आहे की, या!" हेच उत्तर येणार. पाहुण्याला नाही म्हणणं कुणाच्या जिवावर येत नाही? त्यापेक्षा विचारा, "सध्या एसटी या रस्त्याने जाते की फिरून जाते?" एसटी फिरून जात असेल तर तुम्हीही फिरूनच जा. "किती लांब आहे?" याचं उत्तर कोकणात "हे काय, इथंच" असं मिळतं. म्हणून "तुम्हाला मोटारसायकलवरून किती वेळ लागतो?" असं विचारा आणि मिळालेला वेळ दीडपट करा.

जेट्टीबद्दल तीन गोष्टी विचारा : शेवटची बोट किती वाजता, दुपारी मध्ये बंद असते का, आणि आज चालू आहे ना. शेवटची बोट चुकली तर खाडीला वळसा घालून जावं लागतं आणि तोही नेमका अंधारात. या खाड्यांवर पूल बांधायच्या योजना आहेत, तेव्हा जाण्यापूर्वी चौकशी केलेली बरी.

नावांचा घोळही ध्यानात ठेवा. मुरुड दोन आहेत, एक जंजिऱ्याजवळचं आणि एक दापोलीचं. वेळासही दोन. एक दिवेआगरजवळचं आणि दुसरं बाणकोटजवळचं, कासवांच्या पिल्लांसाठी प्रसिद्ध असलेलं. वाट विचारताना तालुक्याचं नाव जोडून विचारा.

तिथले काही शब्दही माहीत असावेत. तिठा म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा. पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची किंवा फरसबंदी वाट, तिथे गाडी घालू नका. साकव म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल, त्यावरून गाडी जाते का ते विचारूनच जा. सडा म्हणजे कातळाचं उघडं माळरान, तिथे सावली नाही, पाणीही बरोबरच हवं. तर म्हणजे नाव किंवा होडी, तिच्यावर माणसं जातात, पण मोटारसायकल जाईलच असं नाही.

समुद्राचं घड्याळ

हरिहरेश्वरला डोंगराच्या पायथ्याने समुद्रालगत प्रदक्षिणेची वाट आहे. ती ओहोटीलाच करायची. भरतीच्या वेळी लाटा थेट खडकांवर येतात आणि तिथे माणसं वाहून गेलेली आहेत. गावात "जाऊ नका" म्हणाले की जायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही.

भरतीचा अंदाज बांधायची किनाऱ्यावरची जुनी रीत आपल्याला घरच्या कॅलेंडरावरूनही जमते. तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पावणेचारच्या सुमाराला भरती, पहाटेही आणि दुपारीही. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी पावणेदहाच्या आसपास. पौर्णिमा झाली की पुन्हा प्रतिपदेपासून एक, दोन असं मोजायचं. पौर्णिमा-अमावास्येला भरती मोठी असते. हा झाला अंदाज, खात्री गावातल्या कोळ्याकडून किंवा पुजाऱ्यांकडून करून घ्या.

वाळूत गाडी नेण्याचा मोह अहोंना होणारच. नेऊ देऊ नका! चाक रुततं, भरती वाढते आणि खारं पाणी गाडीचं वाटोळं करतं.

कपडे आणि बसणं

एका बाजूला पाय सोडून बसणं भाजी आणण्यापुरतं चालून जातं, सहलीला नाही. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसा. सलवार-कमीज किंवा पँट घाला, ओढणी घरीच ठेवा. ओढणी किंवा पदर चाकात आणि साखळीत अडकून क्षणात गळ्याला फास बसतो. असे अपघात दरवर्षी होतात. नऊवारी-सहावारीच नेसायची असेल तर पदर घट्ट खोचून त्यावर जाकीट घाला, आणि गाडीला साडी गार्ड आहे ना, ते पाहा. हल्ली शोभेसाठी ते काढून टाकतात. "कशाला हवं ते?" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

हेल्मेट दोघांनाही आणि आयएसआय खुणेचं. कायद्यानेही ते दोघांना सक्तीचं आहे. केसांची सैल वेणी घालून ती जाकिटात सोडा, अंबाड्यावर हेल्मेट नीट बसत नाही. पायांत चपला नकोत, बूट घाला. दागिने घरी, मंगळसूत्र कपड्याच्या आत. उतरताना सायलेन्सरला पोटरी लागते. भाजलं तर साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद काही लावू नका.

आता ज्याबद्दल आपण बोलत नाही ते. वाटेत सोय होईल न होईल म्हणून अनेक जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग परत आल्यावर लघवीची जळजळ आणि डॉक्टर. असं करू नका. मुक्काम सोडताना, पेट्रोल पंपावर, जेवणाच्या ठिकाणी, प्रत्येक वेळी जाऊन यायचं आणि पाणी घोट घोट पीत राहायचं. एखाद्या घरी "काकू, जरा मोरीत जाऊ का?" म्हणून विचारलंत तर कोकणातली बाई क्वचितच नाही म्हणते. पाळीची तारीख बेत आखतानाच पाहून ठेवा. दिवस गेले असतील किंवा पाठीचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका.

गाडी, सामान आणि बोट

सामान दोन लहान पिशव्यांत, गाडीच्या दोन्ही बाजूंना सारखं. जड खाली, हलकं वर. तुमच्या पाठीवर सॅक नको. दोघं आणि सामान असताना मागच्या चाकात किती हवा हवी, हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, तेवढीच भरून घ्या. ब्रेक, साखळी, दिवे तपासून घ्या. श्रीवर्धन, दापोली, गुहागर इथे टाकी भरून घ्यायचीच. लायसन्स, गाडीचं पुस्तक, विमा आणि पीयूसी बरोबर हवं. थोडी सुटी रोकड ठेवा, कारण नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे देता येत नाहीत.

जेट्टीच्या उतारावर शेवाळ असतं. तिथे तुम्ही आधी उतरा आणि गाडी एकट्याला नेऊ द्या. बोटीवर गाडी गिअरमध्ये टाकून दोघांनी शेजारी उभं राहावं. आणि मुक्कामी गाडी नारळाखाली लावू नका, हा सल्ला तर तिथलं लहान पोरही देईल!

उतरायचं कुठे?

घरगुती सोय असेल तिथे. जेवण सांगून ठेवावं लागतं, तिथे हॉटेलासारखं तयार नसतं. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशीच सांगा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, आंजर्ले भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. नव्याने लावलेलं झाड धरायला पाच-सात वर्षं लागतात. तोवर अनेक घरं चालली ती पाहुण्यांच्या जेवणावर. म्हणून फार घासाघीस करू नका. निघताना सुपारी, आमसुलं, कुळथाचं पीठ घ्यायचं ते त्या घरातूनच घ्या.

मागे घराचं काय?

सासूबाईंना मुक्कामाच्या घरांचे फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून द्या आणि रोज संध्याकाळी पोहोचलात की फोन करा. न विचारता रोज फोन आला की त्यांची निम्मी काळजी मिटते, आणि पुढच्या वर्षी परवानगीचा प्रश्नच उरत नाही. दूध-पेपर बंद, गॅसचा कॉक बंद, किल्ली शेजारी.

निघण्यापूर्वी एक लहान चक्कर मात्र जरूर मारा. एखाद्या रविवारी, हेच सामान बांधून, हेच हेल्मेट घालून, चाळीस किलोमीटर जाऊन या. कुठे टोचतं, काय सैल होतं, किती वेळाने कंबर बोलायला लागते, ते सगळं त्या एका दिवसात कळेल. मग कोकणचा बेत त्या हिशेबाने कमी-जास्त करा. आणि हो, परतल्यावर तिथल्या काकूंना सुखरूप पोहोचल्याचा फोन करायला विसरू नका. त्याही वाट पाहत असतात.